दोष कोणाचा?

प्रस्तावना

मूल शाळेत मागे पडू लागले की शाळेचे पहिले बोट बहुधा घराकडे वळते. ‘आई लक्ष देत नाही’, ‘घरी शिस्त नाही’, ‘लाडाने बिघडले आहे’ ही वाक्ये अनेक पालकांनी ऐकलेली असतात. काही वेळा त्यांत तथ्यही असते. परंतु ज्या मुलाची अडचण जन्मतःच त्याच्या मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहे, त्याच्या पालकांना असा दोष देणे अन्यायाचे असते. आणि त्या अन्यायाची किंमत अखेर मुलालाच मोजावी लागते. प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा इतिहास, त्यामागील विचारदोष आणि त्यातून निघणारी वाट यांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• विशेष गरजा असलेल्या मुलांच्या काही अडचणींची कारणे सांगू शकाल;
• कारण आणि परिणाम यांची गल्लत कशी होते, हे स्पष्ट करू शकाल;
• पालकांनी उभारलेल्या कार्याची उदाहरणे देऊ शकाल;
• शाळेशी संवाद साधताना काय मागावे, हे ठरवू शकाल.

मूळ पाठ

१. गोविंदपुरम् येथील एक कल्पित उदाहरण

तमिळनाडूतील कुंभकोणम् जवळ गोविंदपुरम् हे गाव आहे. नामसंकीर्तनाच्या परंपरेतील संत बोधेंद्र सरस्वती यांचे अधिष्ठान तेथे आहे. गावात विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर असून तेथे मराठी अभंग गायले जातात. सतराव्या शतकात व्यंकोजी राजे भोसले यांनी तंजावरात मराठी राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. राज्य गेले, तरी तंजावरी मराठी बोलणारी काही कुटुंबे आजही तमिळनाडूत आहेत.

अशाच एका कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलाची कल्पना करा. घरी मराठी, शाळेत तमिळ आणि इंग्रजी, असा त्याचा दिवस जातो. मंदिरात ऐकलेला अभंग तो दोन दिवसांत तोंडपाठ म्हणतो. हिशेब तोंडी विचारला तर अचूक सांगतो. पण पुस्तक उघडले की अडखळतो. अक्षरे गाळतो, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत गोंधळतो, फळ्यावरचे उतरवून घेताना ओळ चुकतो. आजीने देवनागरी मुळाक्षरे शिकवून पाहिली, तेव्हाही तेच झाले.

शाळा आईला बोलावून सांगते, “तुम्ही घरी मराठी बोलता, म्हणून तो मागे पडतो. शिवाय तुम्ही अभ्यास घेत नाही.” आई त्या दिवसापासून मुलाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागते. आजीच्या गोष्टी बंद होतात. संध्याकाळ अभ्यास, रागावणे आणि रडणे यांत जाते. सहा महिन्यांनी मुलाचे वाचन होते तेथेच राहते. घरातले बोलणे मात्र कमी झालेले असते.

शाळेचे निदान कोठे चुकले? दोन भाषा ऐकल्याने वाचन-अक्षमता निर्माण होत नाही. अडचण केवळ अपुऱ्या परिचयाची असती, तर ती नव्या भाषेपुरती राहिली असती आणि सरावाने ओसरली असती. येथे ती तमिळ, रोमन आणि देवनागरी अशा तिन्ही लिप्यांत दिसते, योग्य शिकवणीनंतरही टिकते आणि मुलाच्या इतर बुद्धिमत्तेशी विसंगत आहे. अशा वेळी घराला बोल लावण्याऐवजी तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे हाच शहाणपणा होय.

२. जुनी चूक, मोठी चूक

वाचनाच्या या अडचणीला ‘डिस्लेक्सिया’ किंवा वाचन-अक्षमता म्हणतात. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, पण त्याला वाचता येत नव्हते. शिक्षण पूर्णपणे तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गनने नोंदविले आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच एका शिक्षकाने मुलाकडे नीट पाहिले होते.

सर्वत्र असे घडले नाही. १९४३ मध्ये लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नता ही अवस्था जगापुढे मांडली. ही मुले जन्मापासूनच वेगळी असावीत, असे त्याने म्हटले. पण त्यांच्या पालकांचा स्वभाव थंड, अलिप्त असल्याचेही नोंदविले. पुढे दुसऱ्याच मुद्द्याने जोर धरला. मायेची ऊब न देणाऱ्या आईसाठी ‘शीतकपाटासारखी आई’ असा निष्ठुर शब्दप्रयोग रूढ झाला. शिकागो येथे अशा मुलांची निवासी शाळा चालविणारे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात आईवडिलांच्या वागण्यालाच दोषी ठरविले. उपचार म्हणून मुलांना घरापासून दूर ठेवण्यात येई. आधीच व्याकूळ झालेल्या असंख्य मातांनी आपणच आपल्या लेकराचा घात केला, असे मानून आयुष्य कंठले.

या मताला आव्हान दिले ते एका पित्याने. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ मध्ये ग्रंथ लिहून त्यांनी दाखवून दिले की या अवस्थेचे मूळ जैविक आहे. १९६९ मध्ये खुद्द कॅनरने पालकांच्या मेळाव्यात त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा मोठा वाटा सिद्ध केला. डाऊन सिंड्रोमबाबतही असेच झाले. एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत हे त्याचे कारण १९५९ मध्ये समजले आणि गरोदरपणातील आईच्या चुकांविषयीच्या अनेक कल्पना गळून पडल्या.

३. कार्यकारणाची उलटापालट

शहाणीसुरती माणसेही ही चूक का करतात? कारण दिसते ते खोटे नसते. त्याचा अर्थ उलटा लावलेला असतो. शिक्षकांना आई चिडलेली दिसते आणि मूल अस्वस्थ दिसते. आई चिडते म्हणून मूल अस्वस्थ, असा निष्कर्ष चटकन निघतो. प्रत्यक्षात अनेकदा क्रम उलट असतो. जे मूल रात्र रात्र झोपत नाही, हाकेला ओ देत नाही, वर्गातून रोज तक्रार घेऊन येते, त्याची आई थकते, चिडते, कधी अलिप्तही वाटते. तिचा थकवा हे अडचणीचे कारण नसून तो अडचणीचा परिणाम असतो.

शिक्षकांच्या बाजूनेही विचार करावयास हवा. वर्गात पन्नास मुले, अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई आणि विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण नाही, अशा स्थितीत ‘घरी पाहा’ हे उत्तर सोपे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या प्रश्नाची दखल घेतली. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि पुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण त्याने ग्राह्य धरले. उणीव व्यवस्थेची आहे; ती पालकांच्या माथी मारून भरून निघत नाही.

दोषारोपाचे परिणाम मात्र खोल असतात. पालक शाळेत जाणे टाळतात, मुलाची अडचण लपवितात, एकामागून एक शाळा बदलतात. घरातही बोट आईकडेच वळते. कोणी मारून शिकवू पाहतो, कोणी नवस-उपायांत गुंततो. या साऱ्यात तपासणीची मोलाची वर्षे निघून जातात. आणि आपल्यामुळे आईला बोलणी बसतात, हे मूल मुकाट्याने ऐकत असते.

घराला काहीच महत्त्व नाही, असा याचा अर्थ नव्हे. अडचण घराने निर्माण केलेली नसली, तरी ती हलकी करण्यात घराचा मोठा वाटा असतो. दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दोष मागे पाहावयास लावतो. जबाबदारी पुढे पाहावयास शिकविते.

४. पालकांनी घडविलेला इतिहास

ज्यांच्याकडे बोट दाखविले गेले, त्याच पालकांनी या क्षेत्राचा पाया घातला. मुंबईत जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील संस्था. मिथू अलूर यांच्या मालिनी या मुलीला मेंदूचा पक्षाघात होता. तिच्यासह अवघ्या तीन मुलांना घेऊन त्यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची शाळा काढली. मालिनी चिब पुढे उच्चशिक्षित झाल्या आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिले. चेन्नईत पूनम नटराजन या मातेने १९८५ मध्ये सुरू केलेले कार्य आज ‘विद्यासागर’ या नावाने ओळखले जाते. स्वमग्न मुलाची आई असलेल्या मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’चा आरंभ केला. १९९६ मध्ये पालक आणि तज्ज्ञ यांनी मिळून ‘महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन’ स्थापिली. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू लागल्या.

कायदाही बदलला. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता नव्हत्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि या दोहोंचा समावेश झाला. मुलांतील अध्ययन-अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय योजणे, हे त्या कायद्याने शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरविले आहे. अडचण ओळखण्याचे काम शाळेचेही आहे, हे आता कायद्याचेच म्हणणे आहे.

५. संवादाची वाट

पालकांनी शाळेत जाताना नोंदी घेऊन जावे: मुलाला काय जमते, काय जमत नाही, अडचण केव्हापासून आहे, घरी कोणत्या उपायाने फरक पडतो. शाळेकडे लेखी निरीक्षण मागावे आणि तपासणीसाठी शिफारस मागावी. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेसाठी चिकित्सालय आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते. शिक्षकांनीही ‘तुम्ही घरी काय करता?’ असे दरडावण्याऐवजी ‘घरी तो कसा असतो?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने आई गप्प होते; दुसऱ्याने ती बोलू लागते, आणि मुलाविषयी सर्वाधिक माहिती तिच्याचकडे असते.

मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका नाही. ‘डोके नाही’ किंवा ‘घरचे वळण नाही’ असा शिक्का बसल्याने ज्यांची शाळा सुटली, त्यांना शिक्षणाचे दार पुन्हा उघडून देणे, हे मुक्त शिक्षणाचे एक प्रयोजनच आहे. आज त्यांपैकी काहीजण स्वतः पालक आहेत. आपल्या मुलासाठी शाळेच्या पायऱ्या चढताना त्यांनी मान खाली घालण्याचे कारण नाही.

शब्दार्थ

स्वमग्नता – सामाजिक संवादात अडचण आणणारी, मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था
जैविक – शरीररचनेशी संबंधित
माथी मारणे – दुसऱ्यावर लादणे
व्याकूळ – दुःखाने कासावीस झालेला
आयुष्य कंठणे – कष्टाने दिवस काढणे

पाठगत प्रश्न

१. उदाहरणातील मुलाची अडचण घरच्या भाषेमुळे नाही, हे कशावरून कळते?
२. कॅनरने पालकांना केव्हा दोषमुक्त केले?
३. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे किती प्रकार आहेत?

आपण काय शिकलात

• अनेक विशेष गरजांचे मूळ जैविक असते. ते पालकांच्या वागण्यात नसते.
• पालकांचा थकवा हा बहुधा अडचणीचा परिणाम असतो.
• दोष देणे आणि जबाबदारी वाटून घेणे यांत फरक आहे.

पाठान्त प्रश्न

१. ‘दोष मागे पाहावयास लावतो; जबाबदारी पुढे पाहावयास शिकविते’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
२. ‘कार्यकारणाची उलटापालट’ तुमच्या अनुभवातील एका उदाहरणाने समजावून सांगा.
३. मुलाच्या तपासणीसाठी शिफारस मागणारे पत्र मुख्याध्यापकांना लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. ती तिन्ही लिप्यांत दिसते आणि योग्य शिकवणीनंतरही टिकते. २. १९६९ मध्ये. ३. एकवीस.