गेटवरची सुरक्षा, आतली सलामती

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या तोंडी दरवर्षी एक नवा शब्द असतो. मध्यंतरी बायोटेक होता, मग डेटा सायन्स आला, आता सिक्युरिटी आलीय. सायबर सिक्युरिटी, सिक्युरिटी मॅनेजमेंट, डिफेन्स अँड सिक्युरिटी स्टडीज. नावं निरनिराळी, पण प्रश्न एकच: "मॅडम, स्कोप आहे ना?" करिअरचा सल्ला देताना यंदा या प्रश्नाला इतक्यांदा उत्तर दिलंय की आता लिहूनच टाकते.

मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातलं एक कुटुंब माझ्याकडे आलं. वडील मकरपुरा जीआयडीसीत टर्नर. एका हातात एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक, दुसऱ्या हातात मुलीची जुनी वही. वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं हिशेब मांडलेला: चार वर्षांची फी, होस्टेल, मेस, लॅपटॉप, येणंजाणं. बेरीज आठ लाख वीस हजार, खाली दोन रेघा मारलेल्या. मुलगी सायन्सची, ए ग्रुप, 64 टक्के. ती खुर्चीच्या कडेला बसून होती. वडील म्हणाले, "चार वर्षांनी पोरगी एसीत बसेल. सायबरवाल्यांना मरण नाही म्हणतात."

त्याच पानावर मी पुढचा हिशेब मांडला. समजा आठ लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षांची फेड. महिन्याचा हप्ता साधारण तेरा हजार तीनशे, एकूण भरणा अकरा लाखांच्या वर. शिकत असताना साठणारं व्याज वेगळंच. म्हणजे मुलीला पहिली नोकरी लागेल त्या दिवशीच तिच्या पगारातून तेरा हजार गेलेले असतील. माहितीपत्रकात एका मुलाचा फोटो आणि त्याचं 'पॅकेज' होतं. मी वडिलांना विचारलं, याच्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं? ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे. बारावी झाल्याझाल्या, कर्ज काढून, जिच्या नावातच 'सिक्युरिटी' आहे अशी महागडी पदवी घेऊ नका. काम नाही म्हणून नव्हे. काम आहेच. सायबर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत कळवा, असा केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचा एप्रिल 2022 चा आदेश आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बँकांना, इस्पितळांना, कारखान्यांना माणसं लागणारच. पण मुलाखतीत पहिला प्रश्न पदवीच्या नावावर येत नाही. नेटवर्क कसं चालतं, लिनक्सवर हात बसलाय का, लॉग वाचता येतो का, हे विचारतात. हा पाया साध्या कॉम्प्युटरच्या पदवीत पक्का होतो, आणि सायबरमध्ये मन रमलं नाही तर तीच पदवी दुसरीकडेही चालते. इंजिनिअरिंग किंवा एमसीए झाल्यावर सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. बडोद्याच्या निम्म्या मराठी घरांचं कुणी ना कुणी पुण्यात असतंच. राहण्याची सोय होते.

सिक्युरिटी मॅनेजमेंटबद्दल तर आणखी रोखठोक सांगते. खासगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्याखाली गार्डला एकशे साठ तासांचं प्रशिक्षण लागतं: शंभर तास वर्गात, साठ तास मैदानावर. ही झाली खालची पायरी. वरच्या पायरीवर, कंपनीच्या सुरक्षाप्रमुखाच्या खुर्चीत, बहुतेक ठिकाणी लष्करातून किंवा पोलिसांतून निवृत्त झालेला अधिकारी बसलेला असतो. वीस-पंचवीस वर्षं माणसं हाताळलेल्या त्या कर्नलसाहेबांशी आपल्या बावीस वर्षांच्या पोराची स्पर्धा लावून तुम्ही आठ लाख भरणार?

गांधीनगरजवळच्या दोन विद्यापीठांना मी यातून वेगळं काढते. लवाडचं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आणि राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठ ही दोन्ही गुजरात सरकारनं सुरू केली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये संसदेच्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था झाली. तिथं शिक्षण गंभीरपणे होतं. पण 'तिथून बाहेर पडला की थेट फौजदार' ही समजूत डोक्यातून काढा. पोलिसांच्या भरतीत थोडे जादा गुण मिळाले तरी धावणं आणि लेखी परीक्षा कुणाला चुकलेली नाही. आणि वर्दीच हवी असेल तर केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या (सीएपीएफ) यूपीएससी परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय वीस ते पंचवीस, अर्जाची फी दोनशे रुपये आणि मुलींना तीही माफ. इतिहास घेऊन बीए करा, रोज पहाटे पळा.

वर्दीवरून एक कळकळीची विनंती. दर हंगामात चार-पाच वडील असे येतात की ज्यांची स्वतःची लष्करी अधिकारी निवडीची मुलाखत (एसएसबी) राहिलेली असते, किंवा पोलिस भरतीत उंची कमी पडलेली असते. मुलगा समोर बसलेला असतो आणि उत्तरं वडील देतात. "त्याला लहानपणापासून आवड आहे." मी मुलाला एकट्याला पाच मिनिटं मागते. एकजण त्या पाच मिनिटांत रडला. त्याला पळताना धाप लागायची आणि ते घरी सांगायची हिंमत नव्हती. आईवडील हो, तुमचं राहून गेलेलं स्वप्न मुलाच्या पाठीवर देऊ नका. तो नाही म्हणत नाही, कारण तुम्ही फीसाठी पोटाला चिमटा काढलेला त्याला दिसतो. त्याच्या गप्प बसण्याला होकार समजू नका.

आता मला जे मनापासून सांगायचंय त्याकडे येते. मराठीत आपण सगळ्यालाच 'सुरक्षा' म्हणतो. गेटवरचा गार्डही सुरक्षा, आणि यंत्रात हात जाऊ नये म्हणून बसवलेली जाळीही सुरक्षा. गुजरातीत याला बहुधा दोन शब्द वापरतात. चोरापासून राखायची ती सुरक्षा, अपघातापासून राखायची ती सलामती. आपल्या बडोद्यात कोयलीची रिफायनरी आहे, फर्टिलायझरनगर आहे, नंदेसरी आहे, थोडं पुढं अंकलेश्वर आणि दहेज. एवढ्या रसायनांच्या शेजारी आपण राहतो आणि 'सेफ्टी ऑफिसर व्हायचंय' असं म्हणणारं एकही मूल यंदा माझ्याकडे आलं नाही. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बहुतेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला कोयलीत बेंझिनच्या टाकीला आग लागून दोघं गेले. सलामतीची ही उणीव पहारेकऱ्यानं भरून निघत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी नंदेसरीच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. सयाजीगंजच्या सायन्स फॅकल्टीतून केमिस्ट्री केलेला, मार्क बेताचेच. एकदा त्यानं मला त्याचं काम दाखवलं. एक रिकामी टाकी आतून धुवायची होती. दोन मजूर कमरेला पट्टे बांधून तयार, सुपरवायझर घड्याळ बघतोय. यानं दोरीला बांधलेला गॅस मीटर टाकीच्या तोंडातून खाली सोडला. उघड्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो आणि 19.5 च्या खाली माणूस आत सोडायचा नाही. वरच्या भागात आकडा ठीक होता. तळाशी 18.7 आला. त्यानं परमिटवर सही केली नाही. सुपरवायझरला गुजरातीत सांगितलं, मजुरांना हिंदीत, आणि ब्लोअर लावायला लावला. चाळीस मिनिटं सगळे थांबले. मीटर पुन्हा तळापर्यंत गेला, त्यावर 20.8 आला, मग सही झाली. मजूर आत उतरले तेव्हा हा टाकीच्या तोंडाशी उकिडवा बसून त्यांच्याशी बोलत राहिला, आवाज येत राहावा म्हणून.

हे पद मालकाच्या मर्जीवर नाही, कायद्यानं नेमावं लागतं. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात हजार कामगारांची अट होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती पाचशेवर आली, आणि धोकादायक प्रक्रिया चालते तिथं अडीचशेवर. म्हणजे जागा वाढणार. पात्रता राज्याराज्यांत थोडी बदलते, पण ढोबळमानानं अशी: इंजिनिअरिंगची पदवी आणि कारखान्यात देखरेखीच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव, किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव. शिवाय इंडस्ट्रियल सेफ्टीचा मान्यताप्राप्त डिप्लोमा. मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा एक वर्षाचा डिप्लोमा यात नावाजलेला आहे. तिसरी अट बडोद्याच्या मुलांनी लक्षात ठेवावी: बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. घरी मराठी, शेजारी गुजराती आणि बाजारात हिंदी बोलत वाढलेल्या पोरांनी हे शिक्षण फुकटात घेतलेलं आहे.

वाट लांब आहे, हे लपवत नाही. केमिस्ट्री केली तर नऊएक वर्षं लागतात. पण त्यातली पाच वर्षं पगार घेत जातात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या (एमएसयू) नियमित जागेची फी त्या वहीतल्या बेरजेच्या शेजारी किरकोळ वाटेल. हायर पेमेंटची जागा असेल तर आकडा वेगळा, अर्ज भरताना नीट बघा. आणि बारावीनंतर लगेच 'फायर अँड सेफ्टी'चा डिप्लोमा विकणारी दुकानं गल्लोगल्ली झाली आहेत. सरकारी मान्यतेचं पत्र हातात आल्याशिवाय तिथं एक रुपया देऊ नका. आगीच्याच क्षेत्रात जायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, तिथं फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते.

तरीही एखाद्या विद्यापीठात पैसे भरायचेच ठरवलंत, तर त्याच्या संकेतस्थळावर एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीला दिलेली माहिती शोधा. किती जणांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मधला, म्हणजे मीडियन, पगार किती, हे तिथं असतं. सर्वांत मोठ्या पॅकेजकडे बघू नका. मधल्या पगारातून हप्ता वजा करा.

दांडिया बाजारातल्या त्या मुलीला मी शेवटी विचारलं, तुला काय आवडतं? ती म्हणाली, "केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल." घरात हे पहिल्यांदाच ऐकल्यासारखी आई तिच्याकडे बघत राहिली. मी टाकीची गोष्ट सांगितली. वडिलांनी वहीचं पान उलटलं, कोऱ्या पानावर 'बीएससी' लिहिलं आणि पेन्सिल तशीच धरून बराच वेळ बसले.

"या सलामतीवाल्यांना रात्रपाळी असते?" त्यांनी विचारलं.

"असते," मी म्हटलं.

"मलाही असते," ते म्हणाले, आणि फी किती ते विचारून लिहून घेतलं.