‘भीमरति’, ‘म्हातारचळ’ आणि स्मृतिभ्रंश : काझी नझरुल इस्लाम यांच्या मौनाच्या निमित्ताने

वार्धक्यातील बुद्धिऱ्हासासाठी भारतीय भाषांनी जे शब्द घडविले, त्यांत वयाच्या आकड्याला विलक्षण महत्त्व आहे. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रूढ आहे. हिंदीतील ‘सठियाना’ हे क्रियापद साठ या संख्येवरूनच बनले आहे. कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीकाठच्या बराकपूर परिसरातील बंगाली घरांत याच अर्थी ‘भीमरति’ हा शब्द ऐकू येतो. त्याचे मूळ संस्कृत ‘भीमरथी’ या संज्ञेत सांगतात. सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सातव्या महिन्यातील सातवी रात्र मनुष्याला दुस्तर असते, अशी ती समजूत. मराठीतील ‘म्हातारचळ’ आकडा सांगत नाही. परंतु चळ हा म्हातारपणाचाच धर्म, असे तोही गृहीत धरतो. या शब्दांमागे दीर्घ लोकनिरीक्षण आहे, हे मान्य करूनही त्यांनी एक विकार वयाच्या आड झाकून ठेवला, असे म्हणावे लागते. साहित्याच्या अभ्यासकालाही या झाकण्याची किंमत मोजावी लागली आहे.

काझी नझरुल इस्लाम यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८९९ मध्ये चुरुलिया येथे जन्मलेल्या या कवीची वाणी जुलै १९४२ मध्ये कलकत्त्यात अडखळू लागली. त्या वेळी त्यांचे वय अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. थोड्याच काळात बोलणे, लिहिणे आणि ओळख या तिन्ही गोष्टी मावळल्या. प्रथम होमिओपॅथी व आयुर्वेदाचे उपचार झाले. पुढे लुंबिनी पार्क येथील मनोरुग्णालयात आणि १९५२ मध्ये रांची येथे त्यांना ठेवण्यात आले. १९५३ मध्ये त्यांना लंडनला व तेथून व्हिएन्नाला नेण्यात आले. व्हिएन्नात डॉ. हान्स हॉफ यांनी ‘पिकचा रोग’ असे निदान करून तो बरा होण्याजोगा नसल्याचे सांगितले. प्रारंभ आणि निदान यांच्यामध्ये अकरा वर्षे गेली. १९७२ मध्ये कवीला ढाक्यास नेण्यात आले आणि २९ ऑगस्ट १९७६ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. हे मौन चौतीस वर्षांचे होते.

हा रोग आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये प्राग येथे प्रथम वर्णिला. त्यात मेंदूचे पुढील व कानशिलाकडील खंड आकसतात. म्हणून आरंभी स्मरणापेक्षा भाषा आणि वर्तन बिघडते. अल्झायमर रोगाची वाट वेगळी : तेथे बहुधा नुकत्याच घडलेल्या गोष्टी आधी पुसल्या जातात, जुने पाठांतर दीर्घकाळ टिकते.

तिसरा प्रकार मेंदूतील श्वेतद्रव्याशी निगडित आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरील धूसरद्रव्यात पेशींची केंद्रे असतात, तर श्वेतद्रव्यात त्यांना जोडणारे तंतू असतात. विजेच्या तारेवर वेष्टन असावे तसे मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण या तंतूंवर असते. त्यामुळेच हे द्रव्य पांढरे दिसते आणि संदेश वेगाने जातात. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड व अरुंद झाल्या, की या तंतूंचे पोषण खुंटते. ऑटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये अशा ऱ्हासाचे वर्णन केले. आज एमआरआय चित्रात तो शुभ्र डागांच्या रूपाने दिसतो. डाग थोडे असल्यास ते निरुपद्रवीही असू शकतात. ते पसरले, म्हणजे विचार मंदावतो, कामाची आखणी जमेनाशी होते, चाल बिघडते. अशा रुग्णाला नाव आठवत नाही. पण पहिले अक्षर सुचविताच ते अनेकदा ओठावर येते. स्मृती शिल्लक असते, तिच्यापर्यंतचा मार्ग खंडित झालेला असतो. अल्झायमरच्या रुग्णाला अशा सूचनेचा उपयोग सहसा फारसा होत नाही. पिकच्या रोगातही त्या खंडांतील श्वेतद्रव्याची हानी होते. मात्र तिचे कारण रक्तवाहिन्या नसून पेशींचा ऱ्हास हे असते.

डिमेन्शियासाठी मराठीने स्वीकारलेला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्दही निर्भार नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो क्रोध आणि संमोह यांच्या पाठोपाठ येतो व बुद्धिनाशाकडे नेतो. त्या परंपरेत स्मृती ढळणे हे संयम ढळल्याचे फळ आहे. रोगाच्या नावाला चिकटलेली ही नैतिक छटा नकळत रुग्णावर दोष ठेवते. नझरुल यांच्याविषयीच्या लेखनात पुत्रशोक, पत्नीचा पक्षाघात, आर्थिक विवंचना आणि योगसाधना यांचा उल्लेख मौनाची कारणे म्हणून वारंवार येतो. ही दुःखे खरी होती. परंतु मेंदूचे खंड आकसण्याचे कारण म्हणून ती पुरत नाहीत.

मराठीत या विषयाला नवे वळण दिले ते सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटाने. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे पंडित अल्झायमरने ग्रस्त आहेत आणि एका हत्तीच्या मागे निघून जातात. त्यांना कोणी चळ लागलेला म्हातारा म्हणून निकालात काढत नाही; विद्वत्ता ओसरल्यावर उरणारे माणूसपण कोणते, हा प्रश्न तेथे गांभीर्याने विचारला जातो.

यावरून अभ्यासकाने दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. लेखकाच्या अखेरच्या काळातील विस्कळीत रचनेला गूढार्थ देण्यापूर्वी आजाराचा कालक्रम तपासावा. मौनाला प्रतीक ठरविण्याची घाई करू नये. दुसरी गोष्ट घरातल्यांसाठी अधिक निकडीची आहे. रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास श्वेतद्रव्यातील डागांची वाढ मंदावते, असे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत आढळले. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘भीमरति’ वा ‘म्हातारचळ’ म्हणून प्रश्न मिटविला, तर ही संधी हातची जाते. शब्दकोशात हे शब्द अवश्य राहावेत. निदानाच्या जागी ते येऊ नयेत.