ऊसतोडीआधी बांधावरची खाजकुयली काढा



दिवाळी झाली की तोडीच्या टोळ्या येतील. त्याआधी एक काम उरकून घ्या. ओढ्याकाठच्या, कुंपणाच्या आणि रस्त्याकडेच्या उसाच्या कडेला चक्कर मारा आणि खाजकुयलीचा वेल आहे का बघा.

वेल वालाच्याच कुळातला, म्हणून लांबून घेवड्यासारखा वाटतो. एका देठाला तीन मोठी पानं, बाजूची दोन पानं वाकडी, जणू एका अंगाला फुगलेली. सध्या गर्द जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबताना दिसतील. मागाहून इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या शेंगा येतात आणि त्यावर सोनेरी-तपकिरी लव असते. खरा त्रास त्या लवेचा. शेंगा वाळल्या की जरा धक्का लागला तरी लव झडते, वाऱ्यावर उडते आणि अंगात रुतते. तिच्यात म्युक्युनेन नावाचं प्रथिन असतं, त्यानं आग आणि खाज सुटते. ही खाज नेहमीच्या अ‍ॅलर्जीसारखी नाही, म्हणून अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन ती थांबेलच असं नाही.

आपण बांधावरून लांबून जातो, पण कोयता घेऊन फडात शिरणारा माणूस थेट शेंगेखाली येतो. टोळीबरोबर लहान पोरंही असतात. एकदा चार जणांना खाज सुटली की टोळी त्या सरीला हात लावत नाही, आणि त्यांचं काही चुकतंही नाही. शिवाय वाड्याच्या पेंढीतून शेंगा गोठ्यात जातात ते वेगळंच.

म्हणून आत्ता, फुलात असताना, वेल बुडातून कापा आणि मूळ उपटा. एक-दोन वेलांसाठी तणनाशक नको. टू-फोर-डी तर शेजारच्या भाजीवर उडून नुकसान करतं. कुठं शेंगा धरल्या असतील तर हिरव्या शेंगेलाही लव असते हे ध्यानात ठेवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोळ्याला चष्मा, तोंडाला रुमाल. आधी पंपानं साधं पाणी मारून शेंगा भिजवा म्हणजे लव उडत नाही. वारं सुटलं असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा. काढलेला वेल पेटवू नका, खड्ड्यात पुरा. बी कडक सालीचं असतं, त्यामुळं पुढच्या पावसाळ्यात तीच जागा परत बघावी लागेल.

अंगाला लागलीच तर खाजवू नका, चोळू नका. चिकटपट्टी किंवा कणकेचा गोळा दाबून लव उचला, मग साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा. कपडे बदला, वेगळे धुवा. शेण लावायची आपल्याकडं पद्धत आहे, पण खाजवून कातडी सोलली असेल तर शेणानं जखम चिघळते, धनुर्वाताचाही धोका. डोळ्यात गेली तर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

बी विकलं जातं का, असं काही जण विचारतात. औषधी आहे हे खरं. आयुर्वेदात हीच कपिकच्छू. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी हिच्या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं. कंपवातावर आजही तेच औषध देतात. पण म्हणूनच घरी बी दळून खाऊ नका. मळमळ, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो, आणि मानसिक आजाराच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना जास्त धोका. जनावरांनाही कच्चं बी घालू नका. विकायचंच असेल तर घेणारा आधी पक्का करा, मग शेंगेला हात लावा.

हिची बिनखाजेची लागवडीची जात हिरवळीच्या खतासाठी वापरतात, हेही खरं. आपल्या खोडव्यानंतरच्या रानाला मात्र ताग किंवा धैंचाच बरा, आणि बांधावरचं रानटी बी तर अजिबात टोकू नका.

वेल ओळखू येत नसेल तर पान आणि फुलाचा फोटो, गट नंबरासह, ग्रुपवर टाका. फोटो काढताना वेल हलवू नका.

— कृषी सल्ला विभाग, पेठ वडगाव