भातखाचरातील पाण्याची ऊब

भातपिकाला पाणी किती मिळाले, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न ते पाणी किती ऊबदार होते हा होय. जेथे पाटाचे पाणी वितळलेल्या बर्फापासून येते, तेथे या प्रश्नावर पिकाचे भवितव्य अवलंबून असते. उत्तर जपानमध्ये आणि आपल्या काश्मीर खोऱ्यात अशा हिमजलावर भातशेती होते. पाणी खाचरात शिरते त्या तोंडापाशी रोपे खुजी राहतात, लोंब्या उशिरा बाहेर पडतात आणि पुष्कळ दाणे पोचट निघतात.

खाचरात उभे असलेले पाणी दिवसा सूर्याची उष्णता साठविते व रात्री ती सावकाश सोडते. परंतु हे पाणी सतत घटत असते. काही बाष्परूपाने उडून जाते, तर काही जमिनीत झिरपते. पाणी झिरपल्याने मागे राहिलेले पाणी थंड होत नाही. पण ती तूट भरून काढण्यासाठी पाटाचे गार पाणी घ्यावे लागते, आणि तेथेच हानी होते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. खाचरात ५ सेंटिमीटर पाणी असल्यास प्रत्येक चौरस मीटरवर ते ५० लिटर भरते. त्याचे तापमान २४ अंश सेल्सिअस व पाटाच्या पाण्याचे १२ अंश आहे असे समजू. रेताड जमिनीतून दिवसाला २ सेंटिमीटर, म्हणजे २० लिटर पाणी झिरपले व तितकेच पाटातून घेतले, तर मिश्रणाचे तापमान १९.२ अंशांवर येते. झिरप अर्धाच सेंटिमीटर असेल, तर ते २२.८ अंश राहते. सूर्याची उष्णता व मातीचा परिणाम या हिशेबात धरलेला नाही. तथापि गळक्या खाचराला ऊब का टिकविता येत नाही, हे त्यावरून कळते.

लोंबी बाहेर पडण्यापूर्वीचे सुमारे दहा-बारा दिवस विशेष नाजूक असतात. त्या वेळी परागकण तयार होत असतात. तापमान काही दिवस १७ ते १९ अंशांखाली राहिल्यास पराग निकामी होतात. ही मर्यादा वाणानुसार थोडी बदलते. कोवळी लोंबी तेव्हा खोडात खालच्या बाजूस असल्यामुळे, हवा गार पडली तरी १५ ते २० सेंटिमीटर खोल ऊबदार पाणी तिचे रक्षण करू शकते. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात जपानचे भातपीक नेहमीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने घटले व त्या देशाला तांदूळ आयात करावा लागला.

यावरील उपायांत पहिला उपाय झिरप रोखण्याचा. चिखलणी नीट केल्याने मातीची छिद्रे बुजतात. बांध चिखलाने लिंपावेत व खेकड्यांची बिळे बंद करावीत. पाणी रात्री किंवा पहाटे घेऊन दिवसा खाचराचे तोंड बंद ठेवावे, म्हणजे उन्हाची उष्णता आतच राहते.

दुसरा उपाय वाटेतच पाणी तापविण्याचा. अकिता प्रांतातील चोकाई पर्वताच्या पायथ्याशी १९२७ साली यासाठी रुंद व उथळ कालवा खोदण्यात आला. त्यातून पाणी मंद गतीने, लहान लहान पायऱ्यांवरून उतरत जाते व ऊन घेत शेतापर्यंत पोहोचते. परंतु असे तापविलेले पाणीही गळक्या खाचरात वायाच जाते. म्हणून बांधाची डागडुजी आधी आणि कालवा नंतर.