अंतर्रचनाकाराशी करार करताना

प्रश्न : मुंबईतील जुन्या सदनिकेच्या नूतनीकरणासाठी इंटिरिअर डिझायनरशी करार कसा करावा?

उत्तर : वास्तुविशारदांची नोंदणी १९७२ च्या अधिनियमान्वये होते, अंतर्रचनाकारांसाठी मात्र असा कायदा नसल्याने पदनामापेक्षा त्यांनी पूर्ण केलेली कामे प्रत्यक्ष पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. शुल्क चटईक्षेत्रावर, म्हणजे बाह्य भिंती वगळून उरणाऱ्या वापरण्याजोग्या जागेवर, किंवा एकूण खर्चाच्या टक्केवारीने आकारले जाते, आणि दुसऱ्या पद्धतीत खर्च वाढला की शुल्कही वाढते, हे ग्राहकाच्या सहसा उशिरा ध्यानात येते. ‘टर्नकी’ पद्धतीत, जिथे आराखडा व अंमलबजावणी एकाच हाती असते, देखरेख करणाराच कंत्राटदार ठरतो. म्हणून करारात केवळ ‘उत्तम प्लायवूड’ न लिहिता, ओल्या जागी वापरायच्या मरीन प्लायवूडचे ‘आयएस ७१०’ हे भारतीय मानक, जाडी आणि उत्पादकाचे नाव नोंदवावे. देयके पूर्ण झालेल्या टप्प्यांशी जोडावीत. स्तंभ, तुळई अथवा भारवाहक भिंत, म्हणजे वरच्या मजल्यांचे वजन पेलणारी भिंत, यांना हात लागणार असेल, तर संरचना अभियंत्याचा अभिप्राय, महापालिकेची परवानगी आणि सोसायटीचे ना-हरकत पत्र आवश्यक असते, आणि ते कोणी मिळवायचे, हेही करारातच स्पष्ट असावे.