अन्नातील कीटकनाशकांचे अवशेष

पिकावर कीटकनाशक फवारले की त्याचा काही अंश धान्यात, भाजीत, फळांत शिल्लक राहतो. त्यास अवशेष म्हणतात. अवशेष आढळला म्हणजे विषबाधा झालीच, असे नव्हे. अवशेष किती, खाल्ले किती आणि खाणाऱ्याचे वजन किती, या तिन्हींचा हिशेब करावा लागतो.

समजा, किलोभर वांग्यांत ०.५ मिलिग्रॅम अवशेष आहे. ५० किलो वजनाच्या आईने २०० ग्रॅम वांगी खाल्ली, तर ०.१ मि.ग्रॅ. पोटात गेले, म्हणजे वजनाच्या दर किलोस ०.००२ मि.ग्रॅ. १० किलोच्या बाळाने १०० ग्रॅम खाल्ली, तर दर किलोस ०.००५ मि.ग्रॅ. खाल्ले निम्मे, पण भार अडीचपट! आयुष्यभर रोज पोटात गेले तरी अपाय होऊ नये, अशी मर्यादा शास्त्रज्ञांनी प्रत्येक कीटकनाशकासाठी ठरविलेली असते. तिच्याशी हा आकडा ताडून पाहतात.

भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी, कोबीची वरची पाने काढावीत. त्याने वरवरचा अंश कमी होतो. परंतु आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत भिनते. ते धुऊन जात नाही. म्हणून खरा उपाय शेतातच आहे. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करावी, हे डब्यासोबतच्या माहितीपत्रकात दिलेले असते. तेवढे दिवस थांबलेच पाहिजे.

मात्र भीतीपोटी मुलांची भाजी बंद करू नये. ज्यांची गावी शेती आहे, त्यांनी हा हिशेब घरी अवश्य समजावून सांगावा.