जिनिंगमधला जिन आणि बियाण्यातला जीन

प्रश्न : आमच्याकडे कापूस वेचला की जिनिंगला जातो. बियाण्याच्या पाकिटावर मात्र बीटी जीन असल्याचे छापलेले असते. हा जीन जिनिंगमध्ये निघून जातो का? आणि बीटी म्हणजे बायोटेक्नॉलॉजीच ना?
– एक वाचक, घाटंजी (जि. यवतमाळ)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. देवनागरीत दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच दिसतात आणि पऱ्हाटीच्या एकाच हंगामात दोन्ही कानावर पडतात. पण इंग्रजीत त्यांची स्पेलिंगे वेगळी आहेत, वयेही वेगळी आहेत.

आधी जिनिंग. यातला जिन म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘इंजिन’चे आखूड झालेले रूप. जुन्या इंग्रजीत इंजिन म्हणजे वाफेचे किंवा डिझेलचे यंत्रच असे नव्हते. डोके लढवून केलेली कोणतीही युक्ती किंवा साधन म्हणजे इंजिन. सशाचा फासाही जिन आणि ओझे उचलायची कप्पीही जिन. तो अर्थ आता मागे पडला आणि कापसापुरता तेवढा टिकला. जिन नावाच्या दारूशी याचा काही संबंध नाही, ते नाव जुनिपर या झाडाच्या फळावरून आले. घोड्यावरचे जीन तर फारसीतून आले.

कापसाचा जिन एली व्हिटनी या अमेरिकी माणसाने 1793 मध्ये शोधला, असे शाळेत शिकवतात. हे अर्धेच खरे आहे. दोन रुळांमधून कापूस ओढून सरकी मागे ठेवणारी लाकडी चरखी आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या कापसाची रुई सरकीला घट्ट चिकटून बसे, तिथे चरखीचे काही चालेना. म्हणून व्हिटनीने दात्यांचे यंत्र काढले. आपल्या भागातल्या जिनिंगमध्ये आजही बहुतेक ठिकाणी दात्यांचे नव्हे, तर रुळाचेच जिन चालतात. फिरणाऱ्या खरबरीत रुळाला रुई चिकटते आणि पट्टीखालून ओढली जाते. पट्टीच्या फटीतून सरकी काही जाऊ शकत नाही. खालीवर होणारी दुसरी पट्टी तिला ठोकून मोकळी करते. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते. बाकीची बहुतेक सरकी. मग प्रेसिंगमध्ये रुईची 170 किलोची गाठ बांधली जाते.

आता पाकिटावरचा जीन. हा शब्द जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी 1909 मध्ये तो वापरात आणला. आईबापाकडून पिल्लाकडे, झाडाकडून रोपाकडे गुण नेणारा घटक म्हणजे जीन. मराठीत आपण त्याला जनुक म्हणतो. तो पेशीच्या आत असतो. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते एवढेच. सरकीतल्या जीनला यंत्राचा धक्काही लागत नाही.

मौज अशी की हे दोन शब्द मुळात भाऊबंदच निघतात. इंजिन आले लॅटिनमधल्या ‘इंजेनियम’वरून, म्हणजे उपजत बुद्धी. जीन आला ग्रीक ‘गेनोस’वरून, म्हणजे कूळ. दोहोंच्या मुळाशी ‘जन्माला घालणे’ या अर्थाचा एकच प्राचीन धातू आहे. संस्कृतातला ‘जन्’ही त्याच घरातला. जन्म, जनक, जनुक हे शब्द त्यातूनच आले.

बीटी म्हणजे मात्र बायोटेक्नॉलॉजी नव्हे. हा गैरसमज कृषी केंद्राच्या गल्ल्यापर्यंत पसरलेला आहे. बीटी म्हणजे ‘बॅसिलस थुरिन्जिएन्सिस’, मातीत राहणारा एक जिवाणू. बॅसिलस म्हणजे बारीक काडी, कारण तो काडीच्या आकाराचा असतो. थुरिंजिया हा जर्मनीतला प्रांत. अर्न्स्ट बर्लिनर यांनी तिथल्या पिठातल्या पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत तो ओळखला आणि प्रांताचेच नाव त्याला दिले. पाकिटावरचा ‘क्राय’ हा शब्दही रडण्याशी संबंधित नाही. तो ‘क्रिस्टल’चा तुकडा आहे. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीच्या आतड्यात ते विरघळतात, आतड्याला छिद्रे पडतात आणि ती खाणे सोडून मरते. हे प्रथिन बनवणारा जीन कपाशीत घातला, तोच बीटी कापूस. भारतात त्याला 2002 मध्ये परवानगी मिळाली.

यातून एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायलाच हवी. क्राय प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा उपाय नाही. गुलाबी बोंडअळीही आता त्याला पुरती दाद देईनाशी झाली आहे. म्हणून बीटी लावूनही फवारणी सुटत नाही. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा बियाण्याच्या पाकिटाइतकेच औषधाच्या डब्यावरचे शब्दही कोणाकडून तरी वाचून, समजून घ्या. डब्यावरच्या चौकोनातला तिकोनी भाग लाल असेल, तर ते औषध सर्वांत जहाल विषाच्या वर्गातले आहे.